आतलं सौंदर्य आणि छापील प्रश्न

शनिवारची सकाळ. मशीनला कपडे लावलेत, चहाचा दुसरा कप संपत आलाय आणि समोर टेबलावर एक गुलाबी वही पडली आहे. आजचं लिखाण या वहीवर. खरं सांगायचं तर वहीच्या विरोधात.

वही मला मावशीने दिली. त्याचं असं झालं, की आमच्या घरी सध्या माझ्या लग्नाचा मोसम चालू आहे. वय अठ्ठावीस, शिक्षण बी.ई., नोकरी पुण्यात, कुटुंब ख्रिस्ती, मूळ गाव बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली. बायोडाटात हे सगळं आहे. आणि त्याच बायोडाटात आईने एक ओळ घातली आहे, 'रंग : सावळा'. मी ती ओळ तीनदा काढली, तीनदा ती परत आली. (व्हर्जन कंट्रोल आईकडे आहे :)) गेल्या महिन्यात एका स्थळाचा निरोप आला. मुलगी शिकलेली आहे, स्वभावाने चांगली आहे, प्रार्थनेत असते, सगळं पसंत आहे. फक्त मुलाच्या आईला 'थोडी उजळ' हवी होती.

मी हसून सोडून दिलं. म्हणजे तसं दाखवलं. रात्री बाथरूमच्या आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिले, हेही खरं. आईने मावशीला फोन केला आणि पुढच्या वेळी मी गावी गेले तेव्हा मावशीने प्रार्थना करून ही वही माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "भर रोज. मले लय फायदा झाला."

वही नव्वद दिवसांची आहे. मूळ अमेरिकन, मराठी भाषांतर. प्रत्येक पानावर वर एक वचन, त्याखाली दोन प्रश्न, प्रश्नांखाली आठ ओळी. विषय एकच : ख्रिस्ती स्त्रीने आपलं आतलं सौंदर्य ओळखावं आणि देवाच्या नजरेत आपली किंमत काय आहे ते जाणावं. आमच्या पुण्याच्या बायबल स्टडी ग्रुपमध्येही असल्या वह्यांची लाट आलेली आहे. कुणी इंग्रजी आणते, कुणी फोनवर ॲप घेते, कुणी साध्या डायरीत प्रश्न उतरवून घेते. चारपाच जणी मिळून एकच वही एकाच वेळी भरतात आणि रविवारी उपासनेनंतर बोलतात.

मी अकरा दिवस अगदी इमानदारीत वही भरली. स्वतःमधल्या आवडणाऱ्या तीन गोष्टी लिहिल्या. कोणत्या नकारात्मक विचाराला मी आज निरोप देणार, तेही लिहिलं. अकराव्या दिवशी प्रश्न आला, तो थोडक्यात असा : तुला दुखावणाऱ्या व्यक्तीला तू क्षमा केलीस का? नसेल, तर तुझ्या मनात कोणता अडसर आहे?

इथे माझं पेन थांबलं. अडसर माझ्या मनात? बाई गं, अडसर त्या मुलाच्या आईच्या मनात आहे. आमच्या बायोडाटात आहे. मला सावळी म्हणून नाकारणाऱ्या, आणि नाकारतील या भीतीने आधीच तसं लिहून ठेवणाऱ्या, अख्ख्या व्यवस्थेत आहे. तिला कुणी वही दिली का? तिला नव्वद दिवस कुणी विचारणार आहे का, की तुला गोरी सून का हवी, आठ ओळीत लिही?

आमच्या धंद्यात याला सोपा शब्द आहे. बग सर्व्हरवर आहे आणि पॅच क्लायंटवर मारायला सांगताय. क्लायंट किती वेळा रीइन्स्टॉल करणार?

हा माझा पहिला आक्षेप. वही दुखणं माझं धरते आणि उपचारही माझ्यावरच करते. पान उघडल्यापासून गृहीत धरलेलं असतं, की कमतरता माझ्या दृष्टीत आहे. मी स्वतःकडे नीट पाहायला शिकले की संपलं. प्रश्न छापून आले की अर्धं उत्तरही छापूनच येतं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आठ ओळी.

आता 'आतलं सौंदर्य' हा शब्द घेऊ. या वह्यांचा आधार बहुतेक वेळा पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय असतो. तिसरी-चौथी ओवी. केसांच्या वेण्या, सोनं, भारी कपडे यांत शोभा मानू नका, अंतःकरणातल्या सौम्य आणि शांत आत्म्यात माना, असा त्याचा भाव. ऐकायला किती छान! माझ्या वहीत हे वचन चार वेळा आहे. पण पहिली ओवी एकदाही नाही. पहिल्या ओवीत बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहावं असं आहे. आणि त्याच्या आधीच्या अध्यायात घरगुती दासांना सांगितलंय, की धनी कठोर असला तरी त्याच्या अधीन राहा.

मी काही शास्त्र शिकलेली नाही, पण वाचता मला येतं. ते पत्र आशिया मायनरमधल्या, रोमन अमलाखाली दबून राहणाऱ्या मूठभर ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं आहे. त्या बायकांचे काही नवरे विश्वासी नव्हते. घरात नवऱ्याचा देव वेगळा, बायकोचा वेगळा, आणि घराचा कायदा नवऱ्याच्या हातात. अशा घरात गप्प राहून, वागण्यातून नवऱ्याचं मन वळवा, हा त्या वेळचा तग धरण्याचा सल्ला होता. तो सल्ला संदर्भातून उचलून, गुलाबी कागदावर छापून, पगार कमावणाऱ्या आणि मत देणाऱ्या बाईला 'सौंदर्य' म्हणून द्यायचा? आणि वर विचारायचं, आज तू किती सौम्य होतीस? सातव्या ओवीत नवऱ्यांना बायकांचा मान राखायला सांगितलंय, जीवनाच्या कृपेत दोघं सहवारस आहेत म्हणून. त्या ओवीची नव्वद दिवसांची वही मी अजून पाहिलेली नाही. कुणा भावाने भरली असेल तर कळवा.

आणखी एक. पवित्र शास्त्रात एक सावळी मुलगी आहे. गीतरत्न, पहिला अध्याय, पाचवी ओवी. ती सांगते की मी काळी आहे आणि मी सुंदर आहे. मूळ हिब्रूत या दोन गोष्टींच्या मधे फक्त एक अक्षर आहे, 'व', जे शब्दाला चिकटून येतं. त्याचा अर्थ 'आणि' होतो, तसाच 'पण'ही होतो. किंग जेम्सच्या इंग्रजी भाषांतराने (१६११) 'पण' निवडलं. १९८९ च्या न्यू रिवाइज्ड स्टँडर्डने 'आणि' घेतलं. शेकडो वर्षं सावळ्या बायकांचं सौंदर्य एका 'पण'ला टांगलेलं होतं! मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, पण. हा 'पण' मी ओळखते. तो मला फोनवर ऐकू आला होता.

त्याहून मजेची गोष्ट पुढच्याच ओवीत आहे. ती मुलगी आपला रंग असा का, हे लगेच सांगते. उन्हाने रापले, भाऊ माझ्यावर चिडले आणि त्यांनी मला द्राक्षमळे राखायला लावले. म्हणजे बघा, आपल्या रंगाबद्दल बोलताना ती आत डोकावत बसत नाही. कुणी केलं, कुठे केलं, काय काम करून घेतलं, सगळा पत्ता देते. माझ्या वहीत ही दोन्ही वचनं नाहीत.

इथे मला माझ्या गावाकडची एक बाई आठवते. खरं म्हणजे आठवते म्हणणं चूक, कारण आमच्या शाळेत तिचं नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. जिल्ह्याचं नाव निघालं की सिंदखेड राजा आणि जिजाऊ, लोणारचं सरोवर, शेगावचे गजानन महाराज, इथवर आमची मजल. ताराबाई शिंदे मला कळल्या पुण्यात, नोकरी लागल्यावर, ऑफिसातल्या एका मैत्रिणीने पुस्तक हातात दिलं तेव्हा.

ताराबाई बुलढाण्याच्या. जन्म १८५० च्या आसपास. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. मुलीला मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजी शिकवलेलं. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःचं नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. पण तोवर वर्तमानपत्रांना विषय मिळाला होता. 'पुणे वैभव'सारख्या पत्रातून समस्त स्त्रीजातीच्या अनीतीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. ताराबाईंनी पेन उचललं आणि १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्री-पुरुष तुलना' छापून आलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे.

त्यांच्यापुढेही एक छापील प्रश्न होताच की. वर्तमानपत्र विचारत होतं, हल्लीच्या बायका अशा का बिघडल्या? आजच्या वहीच्या भाषेत, बाई, तुझ्यात काय कमी आहे ते शोध. ताराबाईंनी हा प्रश्नच घेतला नाही. त्यांनी स्वतःचा प्रश्न मांडला. जे जे दुर्गुण बायकांच्या नावावर लावता, ते पुरुषांत नाहीत का? बायको मेली की नवरा दुसरी करतो, नवरा मेला की बाईने जन्मभर तोंड लपवायचं, हा न्याय कुठला? आणि मग एकेक दुर्गुण घेऊन, शेजारी शेजारी ठेवून, तुलना. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन कॉलमचा तक्ता. शास्त्रांना सोडलं नाही, नाटक-कादंबऱ्यांतल्या बायकांच्या चित्रणाला सोडलं नाही.

मला जाणवतं ते हे, की त्या अख्ख्या पुस्तकात ताराबाई स्वतःला शाबासकी देत बसत नाहीत. उलट प्रस्तावनेत आपण घरात कोंडून राहणाऱ्या आणि हा आपला पहिलाच प्रयत्न, असं नम्रपणे सांगतात. तरीही पुस्तक मिटल्यावर कुणालाही कळतं की ही बाई स्वतःची किंमत जाणते. ती किंमत त्यांना आरशात सापडली नव्हती. समोरच्याला जाब विचारताना ती आपोआप दिसली.

किंमतही मोजावी लागली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा छापलं, तोवर मराठी वाचक त्यांना जवळजवळ विसरले होते. पण त्या काळात एका माणसाने उघड बाजू घेतली, जोतीराव फुले यांनी. १८८५ साली त्यांनी 'सत्सार'चे दोन अंक काढले. एकात पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यावरून आरडाओरड करणाऱ्यांचा समाचार घेतला, दुसऱ्यात ताराबाईंच्या पुस्तकाची पाठराखण केली. एक ख्रिस्ती झालेली बाई, एक बुलढाण्याची मराठा बाई, आणि दोघींवर ओरडणारे लोक साधारण तेच.

"ताराबाई ख्रिस्ती नव्हत्या," असं आमच्या ग्रुपमधली एक जण लगेच म्हणाली. ठीक. मग आपल्या घरातल्या घेऊ.

पंडिता रमाबाई. १८८२ सालीच, त्याच पुण्यात, त्यांचं 'स्त्रीधर्मनीति' निघालं. तेही एक मार्गदर्शकच. बायकांनी शिकावं, स्वावलंबी व्हावं, विनयाने वागावं, पतीशी कसं राहावं. म्हणजे सुधारणेचा भार बराचसा बाईच्याच डोक्यावर. त्याच पुस्तकाच्या विक्रीच्या पैशातून १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पाच वर्षांत काय फरक पडला बघा. १८८७ साली अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर जे इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्यात बाईला उपदेश नाही. बालविवाह, वैधव्य, कायदा, शास्त्र यांची उलटतपासणी आहे. त्या पुस्तकाच्या बळावर अमेरिकेत मदत उभी राहिली आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. उपदेशाची वही लिहिणारी बाई आरोपपत्र लिहायला लागली, आणि त्यातून विधवांसाठी खरोखरची इमारत उभी राहिली.

मधल्या काळातली त्यांची पत्रं तर आमच्या ग्रुपने सक्तीने वाचावीत असं माझं मत आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. जिव्हाळा खरा होता. पण रमाबाईंनी सांगितलेलं ऐकावं, नम्र व्हावं, फार प्रश्न विचारू नयेत, अशी अपेक्षा होती. रमाबाई विचारतच राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, मला संस्कृत हवीत. पुडिंगमध्ये अंडं आहे, मी खाणार नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला बिशपांनी हरकत घेतली तेव्हा रमाबाईंनी विचारलं की हे ठरवणारे तुम्ही कोण. एकाकी, परक्या देशात, कडेवर लहान मनोरमा, दुसऱ्यांच्या आश्रयाला. यांना जर त्या वेळी कुणी 'सौम्य आत्मा' वही दिली असती तर? कल्पना करून मला हसू येतं. भरली असती बहुतेक, पण समासात!

आणि याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. खिळे जुळवले मुक्तीतल्या बायकांनी. छापलं त्यांनी. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झालं. त्या बायकांत दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली होत्या, ज्यांना जगाने शून्य किंमत दिली होती. त्यांच्या हातात शास्त्राचे टाइप दिले गेले. आज आमच्या हातात गाळलेल्या जागा दिल्या जातात.

थांबा, मी जरा जास्तच वाहवत चालले. दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा प्रामाणिक वाद होणार नाही.

लिहिण्याने फायदा होतो, हे खरं आहे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. ज्यांनी आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या घटनेबद्दल, काय झालं आणि काय वाटलं ते दोन्ही लिहिलं, त्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या तुलनेने कमी झाल्या. पण लक्षात घ्या, तिथे घटना लिहायची होती. स्वतःचं कौतुक लिहायचं नव्हतं. त्याचं काय होतं हे कॅनडात जोअन वुड आणि सहकाऱ्यांनी तपासलं, २००९ साली. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य लोकांना मनाशी म्हणायला लावलं. ज्यांचा आत्मसन्मान आधीच भक्कम होता त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचा डळमळीत होता, म्हणजे ज्यांच्यासाठी या वह्या काढल्या जातात, त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं! कारण उघड आहे. आत कुणीतरी लगेच म्हणतं, खोटं बोलतेस. बाथरूमच्या आरशासमोर माझ्याही आत कुणीतरी तेच म्हणालं होतं.

मार्गदर्शन मुळातच वाईट, असंही माझं म्हणणं नाही. इग्नेशियस लोयोलाची आध्यात्मिक साधना १५४८ साली छापली गेली, ती प्रश्नांवरच चालते. आणि मराठीतलं सर्वांत मोठं ख्रिस्ती आत्मकथन घ्या, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. त्याची सुरुवात बाहेरच्या प्रश्नातूनच झाली. मुलाला, देवदत्तला, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. म्हणजे प्रश्न होता, आई, पप्पांबद्दल सांग. शाळेत न गेलेली बाई लिहायला बसली, आणि नवऱ्याच्या चरित्राला साहित्य पुरवता पुरवता स्वतःचं आयुष्य लिहून गेली. मीठसुद्धा धुऊन घेणारे सोवळे वडील, १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला तेव्हाचा आकांत, एकटीने काढलेली वर्षं, मग १९०० साली स्वतःच्या विचाराने घेतलेला बाप्तिस्मा. नवऱ्याच्या लहरींवर ती हसते, स्वतःवर त्याहून जास्त हसते. १९३४ पासून ते भागाभागाने पुस्तकरूपात आलं आणि आजही वाचलं जातं. विचारलं होतं नवऱ्याबद्दल, दिलं अख्खं घर.

तर फरक हा आहे. देवदत्तच्या प्रश्नाखाली आठ ओळी आखलेल्या नव्हत्या. आणि विचारणारा माणूस समोर होता, ऐकत होता, त्याला उत्तर खरंच माहीत नव्हतं.

हे मला मावशीमुळे उमगलं. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले ती भांडायच्याच तयारीने. अलायन्स मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात आलं. अकोला, खामगाव, बुलढाणा या भागात आमची बरीच कुटुंबं तेव्हापासूनची. मावशीची आजी मिशनच्या शाळेत अक्षर शिकली, मावशी दहावी झाली, लग्न झालं, सात वर्षांपूर्वी काका गेले. मी म्हटलं, मावशी, काय फायदा झाला तुला या वहीचा? ही तर बाईलाच दोष देते.

मावशी तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुहं खरं असंन बाई. पन मले आजवर कोनी पुसलंच नाही, का तुले काय वाटते म्हनून. तुह्या काकानं नाही, पाळकानं नाही, पोराइनं नाही. त्या वहीनं पुसलं."

मग उठून तिने कपाटातून स्वतःची वही काढली. मला वाचू दिली नाही, नुसती पानं फिरवून दाखवली. आठ ओळी कधीच संपल्या होत्या. समासात लिहिलेलं, वरच्या वचनाभोवती लिहिलेलं, मागच्या पुठ्ठ्यावर, आणि मधे मधे वाण्याच्या कागदावर लिहून टाचणीने जोडलेलं. एका पानावर छापील प्रश्नावर पेनाने सरळ रेघ होती. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "तो काही माह्या कामाचा नव्हता."

मला बोलायला काही उरलं नाही. मी अकरा दिवस इमानदारीत आठ ओळींत राहिले, इंजिनिअर असून. आणि माझी दहावी झालेली मावशी पहिल्याच आठवड्यात चौकट मोडून बाहेर पडली होती.

तरी माझा वाद मी सोडत नाही. मावशीला वहीचा फायदा झाला, कारण तिला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. ही वहीची थोरवी नाही, आपली लाज आहे. सात वर्षं एक विधवा बाई दर रविवारी चर्चमध्ये येते, समोरच्या बाकावर बसते, आणि तिला काय वाटतं हे विचारायला अमेरिकेहून कागद यावा लागतो? आमच्या चर्चेसमध्ये बायका गातात, सजवतात, जेवण करतात, रविवारची शाळा घेतात. निर्णय घेणाऱ्या कमिटीत किती असतात ते तुम्हीच मोजा. बाईच्या मनातलं बंद वहीत राहिलं की कमिटीला बरंच पडतं. वही कुणालाच उत्तर मागत नाही. आणि ज्या वहीचा कुणालाही त्रास होत नाही, ती बाईची किंमत वाढवते यावर माझा विश्वास बसत नाही.

बाजाराचंही तसंच. २०२० साली देशातल्या सर्वांत प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला. डबीवर आता 'ग्लो' आहे. बायोडाटातला रंगाचा रकाना तिथेच आहे. आणि आता त्या रकान्यामुळे दुखावलेल्या मुलीसाठी वेगळा माल आलाय, आतल्या सौंदर्याचा. बाहेरचं नाही जमलं तर आतलं उजळा! दोन्हीत ग्राहक तीच.

मग करायचं काय? नुसती टीका करून पळून जाणं बरोबर नाही, म्हणून माझ्याकडून तीन गोष्टी.

एक, वही भरायची तर मावशीसारखी भरा. प्रश्न कामाचा नसेल तर रेघ मारा. 'मला काय वाटतं'च्या शेजारी 'कुणी, कधी, काय केलं' हेही लिहा. तारखेसकट.

दोन, ग्रुपमध्ये वही वापरायची तर प्रश्न ग्रुपने लिहावेत. दर आठवड्याला एक बाई एक प्रश्न आणेल, आणि त्यातला निदान एक तरी चर्चला, घराला किंवा स्थळाला विचारायचा असेल. मी गेल्या रविवारी हे मांडलं. दोघी गप्प बसल्या, एक म्हणाली 'निगेटिव्हिटी' येईल, आणि एक, जी कधी बोलत नाही, तिने पर्समधून पेन काढलं.

तीन, बायोडाटा. हे माझं मलाच. काल रात्री मी फाइल उघडली आणि रंगाची ओळ चौथ्यांदा काढली. या वेळी चोरून नाही. आईला फोन केला आणि वहीत अकराव्या पानावर जे लिहिलं होतं ते वाचून दाखवलं. छापील प्रश्नावर रेघ मारून खाली मी माझा लिहिला होता : आई, ही ओळ तू कुणाच्या भीतीने घालतेस?

आई बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "माझ्या बायोडाटात पण होती गं. तुझ्या आजीने घातली होती."

एवढंच बोलून तिने ठेवला. ओळ परत येते का, ते येत्या आठवड्यात कळेल. तोवर मशीन थांबलंय, कपडे वाळत घालते.